पोर्टफोलिओ वेबसाइट स्वतः उभी करा: पहिल्या फाइलपासून स्वतःच्या डोमेनपर्यंत

पोर्टफोलिओ उघडणारा माणूस बहुतेकदा घाईत असतो. त्याला दोनच गोष्टी बघायच्या असतात: तुम्ही काय काम केलं आहे आणि तुम्हाला गाठायचं कसं. एवढ्यासाठी डेटाबेस लागत नाही, लॉगिन लागत नाही, सतत अपडेट मागणारी प्लगिन्सही लागत नाहीत. लागतात ती चार-सहा नीट लिहिलेली, झटकन उघडणारी पानं. स्टॅटिक साइट जनरेटर अशा पानांसाठीच असतो.

त्याचं काम समजायला सोपं आहे. मजकूर तुम्ही साध्या फाइलींमध्ये लिहिता. पान कसं दिसावं ते साच्यांमध्ये, म्हणजे टेम्प्लेटमध्ये, ठरलेलं असतं. जनरेटर या दोन्हींवरून एकदाच तयार एचटीएमएल पानं बनवतो आणि सर्व्हरवर तीच ठेवली जातात. कुणी पान मागितलं की सर्व्हर ती फाइल तशीच देतो, त्या क्षणी काही रचत बसत नाही. त्यामुळे साइट वेगाने उघडते, हल्ला करता येईल अशा जागा फार कमी राहतात, आणि उद्या होस्टिंग बदलायचं ठरलं तर सगळा फोल्डर उचलून दुसरीकडे नेता येतो.

यासाठी प्रोग्रामिंग यायलाच हवं असं नाही. टर्मिनलमध्ये, म्हणजे टाइप करून संगणकाला आज्ञा द्यायच्या खिडकीत, मोजक्या कमांड द्याव्या लागतात आणि कुठली फाइल कुठे ठेवायची ते समजून घ्यावं लागतं. या लेखात कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजीच्या लहान अक्षरांत करा.

आधी कामं निवडा

बहुतेक नवखे लोक थीम, म्हणजे साच्यांचा तयार संच, शोधण्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. एक थीम लावून बघायची, रंग बदलायचे, मग दुसरी लावायची. असं करता करता उत्साह संपतो आणि दाखवायचं काम फोल्डरमध्येच पडून राहतं. म्हणून माझा आग्रह आहे की संगणकावर काहीही इन्स्टॉल करण्याआधी कामांची निवड करा आणि त्यांच्याबद्दल लिहून काढा.

चार ते सहा कामं पुरेशी आहेत. वीस कामं ठेवली तर बघणारा त्यातली कुठली उघडेल ते तुमच्या हातात राहत नाही, आणि त्याने नेमकं सगळ्यात कच्चं काम उघडलं तर तुमच्याबद्दलचं मत त्यावरूनच बनतं. जे काम तुम्हाला पुढेही करायचं आहे ते वर ठेवा. ज्या प्रकारचं काम आता नकोसं झालं आहे ते कितीही चांगलं झालेलं असलं तरी वगळा, कारण पोर्टफोलिओ बघून लोक तसलंच काम घेऊन येतात.

प्रत्येक कामाबद्दल चार गोष्टी लिहा. मागणी किंवा अडचण काय होती, त्यात तुमचा वाटा कोणता, कुठला निर्णय का घेतला आणि शेवटी काय तयार झालं. ‘एका संस्थेसाठी लोगो केला’ या वाक्यातून बघणाऱ्याला काही कळत नाही. ‘जुना लोगो मोबाइलच्या पडद्यावर लहान झाला की ओळखू येत नसे, म्हणून बारीक रेषा काढून टाकल्या, अक्षरं जाड केली आणि तीन रंगांवरून एका रंगावर आलो’ असं लिहिलं की तुमचा विचार दिसतो. प्रोग्रामर, अनुवादक, छायाचित्रकार, वास्तुरचनाकार, सगळ्यांना हीच पद्धत चालते. अनुवादक असाल तर मूळ परिच्छेदाशेजारी तुमचा परिच्छेद ठेवा आणि एखाद्या अवघड वाक्यावर दोन ओळी लिहा.

गटात केलेलं काम असेल तर स्वतःचा वाटा स्पष्ट सांगा. ‘आम्ही’ म्हणून मोघम लिहिलं की मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. ग्राहकाचं काम दाखवण्याआधी त्याची परवानगी घ्या, विशेषतः गोपनीयतेचा करार केलेला असेल तर. अजून एकही ग्राहक मिळालेला नसेल तर स्वतःहून केलेलं काम ठेवा आणि ते स्वतःहून केलं आहे असं सरळ लिहा. त्यात कमीपणा नाही.

कुठला जनरेटर घ्यायचा

नावं पुष्कळ आहेत. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २००८ मध्ये आणलेला जेकिल रुबी भाषेत लिहिलेला आहे आणि गिटहब पेजेसशी, म्हणजे गिटहबच्या होस्टिंगशी, त्याचं जुनं नातं आहे. ह्यूगो २०१३ मध्ये आला. तो गो भाषेत आहे. इलेव्हंटी आणि अ‍ॅस्ट्रो जावास्क्रिप्टवर चालतात. ज्यांना नोडची, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाची, सवय आहे त्यांना ते सोयीचे पडतात.

नवख्याला मी ह्यूगो सुचवतो आणि त्याचं कारण एकच आहे: ह्यूगो म्हणजे एकच प्रोग्राम फाइल. इतर जनरेटर चालवायला आधी रुबी किंवा नोड बसवावं लागतं, मग त्यांची पॅकेजेस, आणि दोन वर्षांनी जुनी साइट पुन्हा चालवायला गेलात की त्यातलं एखादं पॅकेज हटून बसतं. पोर्टफोलिओला आपण वर्षातून दोन-तीनदा हात लावतो. अशा साइटसाठी कमीत कमी भाग असलेलं साधन बरं. तुम्ही रोज जावास्क्रिप्टमध्येच काम करत असाल तर मात्र बिनधास्त अ‍ॅस्ट्रो घ्या. खाली कमांड आणि फोल्डरांची नावं बदलतील, बाकी बरंचसं तसंच लागू होईल.

इन्स्टॉल करणं

तीन गोष्टी लागतील: ह्यूगो, गिट (फाइलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्राम) आणि एक टेक्स्ट एडिटर. व्हीएस कोड चालेल, दुसरा कुठलाही साधा एडिटरही चालेल. वर्ड मात्र नको, कारण तो मजकुरात स्वतःचं फॉरमॅटिंग घालतो.

विंडोजवर विनगेटने आणि मॅकवर होमब्रूने ह्यूगो एका कमांडमध्ये बसतो (ही दोन्ही टर्मिनलमधून प्रोग्राम बसवायची साधनं आहेत). आवृत्ती निवडायची वेळ आली तर ‘एक्स्टेंडेड’ घ्या, काही थीमना तीच लागते. लिनक्सवर डिस्ट्रिब्युशनच्या भांडारातली आवृत्ती कधीकधी बरीच जुनी असते, म्हणून ह्यूगोच्या अधिकृत रिलीजमधून घेतलेली बरी. झाल्यावर टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा आणि ‘ह्यूगो व्हर्जन’ टाइप करा. आवृत्तीचा आकडा दिसला की काम झालं. तो आकडा टिपून ठेवा, पुढे लागणार आहे.

साइटचा सांगाडा

‘ह्यूगो न्यू साइट’ लिहून त्यापुढे फोल्डरचं नाव द्या. नावात स्पेस नको. त्या नावाचा एक फोल्डर तयार होईल आणि आत बरेच उपफोल्डर दिसतील. सगळे आत्ताच समजून घ्यायची गरज नाही. ‘कंटेंट’मध्ये तुमचा मजकूर जातो. ‘स्टॅटिक’मध्ये जशाच्या तशा द्यायच्या फाइली जातात, उदाहरणार्थ पीडीएफ. ‘थीम्स’मध्ये थीम आणि ‘लेआउट्स’मध्ये तुमचे स्वतःचे साचे. बाहेर ‘ह्यूगो डॉट टॉमल’ नावाची फाइल असते, ती साइटची मुख्य सेटिंग. जुन्या लेखांमध्ये हीच फाइल ‘कॉन्फिग डॉट टॉमल’ या नावाने दिसेल, त्याने गोंधळू नका.

आता फोल्डरमध्ये जाऊन ‘गिट इनिट’ चालवा आणि एक साधी थीम जोडा. ह्यूगोच्या सुरुवातीच्या धड्यात अनान्के नावाची थीम वापरतात, पहिल्या दिवसासाठी तीच घ्या. ती ‘गिट सबमॉड्यूल अ‍ॅड’ने जोडायची असते. पूर्ण कमांड त्या धड्यात आहे. मग सेटिंगच्या फाइलमध्ये थीमचं नाव, साइटचं शीर्षक आणि भाषा लिहा. साइट मराठीत असेल तर भाषेचा कोड ‘एमआर’ द्या. तो का महत्त्वाचा ते पुढे येईल.

‘ह्यूगो सर्व्हर’ चालवा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या, म्हणजे तुमच्याच संगणकाच्या, १३१३ पोर्टवर जा. साइट दिसेल, जवळपास रिकामी. एखादी फाइल बदलून सेव्ह करा, पान आपोआप ताजं होतं. सर्व्हर थांबवायला कंट्रोल आणि सी.

रिकामी साइटच आधी इंटरनेटवर चढवा

साइट छान दिसायला लागल्यावर प्रकाशित करू असं म्हणू नका. आत्ताच करा. प्रकाशनात जे काही बिघडायचं असतं ते फाइली थोड्या असताना पटकन सापडतं. चाळीस फाइली, नवी थीम आणि स्वतःचं डोमेन असं सगळं एकदम चढवलं आणि पान कोरं आलं, तर शोधायला कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही.

होस्टिंगसाठी गिटहब पेजेस, नेटलिफाय, क्लाउडफ्लेअर पेजेस असे पर्याय आहेत आणि छोट्या साइटला तिन्हींवर मोफत जागा मिळते. इथे गिटहब धरून चालू. खातं उघडा आणि एक पब्लिक रिपॉझिटरी, म्हणजे फाइली ठेवायची सगळ्यांना दिसणारी जागा, बनवा. तिचं नाव नेमकं तुमचं युजरनेम आणि त्यापुढे ‘डॉट गिटहब डॉट आयओ’ असं ठेवा. असं केलं की साइट थेट मुळाच्या पत्त्यावर येते. दुसरं काही नाव दिलं तर साइट पत्त्याच्या पुढच्या एका उपफोल्डरमध्ये जाते, आणि मग तिरक्या रेघेने सुरू होणाऱ्या लिंका आणि चित्रं तुटतात. मजकूर दिसतो पण रंग, फॉन्ट, मांडणी सगळं गायब, अशी तक्रार नवख्यांकडून सारखी येते. तिचं कारण बहुतेकदा हेच असतं, नाहीतर सेटिंगमधला ‘बेसयूआरएल’, म्हणजे साइटचा मूळ पत्ता, चुकलेला असतो.

फोल्डरमध्ये ‘डॉट गिटइग्नोर’ नावाची फाइल करून तीत ‘पब्लिक’ हा फोल्डर लिहा. तयार पानं तिथे येतात आणि ती गिटहबचा सर्व्हर स्वतः बनवणार आहे. मग रिपॉझिटरीच्या सेटिंग्जमध्ये पेजेस उघडून सोर्सच्या जागी ‘गिटहब अ‍ॅक्शन्स’ निवडा. अ‍ॅक्शन्सला (फाइली आल्या की साइट आपोआप बांधणारी गिटहबची सोय) काय करायचं ते सांगणारी वर्कफ्लो फाइल ह्यूगोच्या अधिकृत माहितीपानांवर अख्खी दिलेली आहे. ती कॉपी करून ‘डॉट गिटहब’मधल्या ‘वर्कफ्लोज’ फोल्डरमध्ये ठेवा. तीत ह्यूगोच्या आवृत्तीचा आकडा असतो. तिथे तुम्ही टिपून ठेवलेला आकडा घाला, म्हणजे तुमच्या संगणकावर आणि सर्व्हरवर एकच आवृत्ती चालेल. घरी दिसतं आणि तिथे दिसत नाही, यातली निम्मी प्रकरणं इथेच मिटतात.

फाइली वर पाठवायला गिटहब डेस्कटॉप वापरा. टर्मिनलमधून पुश करताना, म्हणजे फाइली गिटहबवर पाठवताना, गिटहब खात्याचा पासवर्ड २०२१ पासून चालत नाही, टोकन किंवा ब्राउझरमधून ओळख पटवणं लागतं. डेस्कटॉप अ‍ॅप ती कटकट स्वतः सांभाळतं. पुश केल्यावर अ‍ॅक्शन्सच्या टॅबवर हिरवी खूण येईपर्यंत थांबा आणि तुमचा पत्ता उघडा. फोनवरही उघडून बघा.

कामांची पानं

‘कंटेंट’मध्ये ‘वर्क’ नावाचा फोल्डर करा आणि त्यात प्रत्येक कामाचा वेगळा फोल्डर. आतल्या मजकुराच्या फाइलचं नाव ‘इंडेक्स डॉट एमडी’, आणि त्या कामाची चित्रं तिच्या शेजारीच ठेवा. काम हलवायचं किंवा काढायचं झालं तर एकच फोल्डर हलवावा लागतो.

इथे एक खाचखळगा आहे आणि तो फार वेळ खातो. कामांची यादी दाखवणाऱ्या पानाची, म्हणजे खुद्द ‘वर्क’ फोल्डरची, फाइल वेगळी असते. तिच्या नावाआधी अंडरस्कोर लागतो. अंडरस्कोर विसरून तिथे साधी ‘इंडेक्स’ फाइल ठेवली, तर ह्यूगो अख्खा ‘वर्क’ फोल्डर म्हणजे एकच पान समजतो आणि आतली सगळी कामं साइटवरून नाहीशी होतात. एररही येत नाही. यादीच्या पानाला अंडरस्कोर, एकट्या पानाला नाही, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

प्रत्येक फाइलच्या वर शीर्षक, तारीख आणि एका ओळीचा गोषवारा असतो. त्याला फ्रंट मॅटर म्हणतात. तो तीन अधिक चिन्हांमध्ये असेल तर आत बरोबरची खूण वापरायची, तीन डॅशमध्ये असेल तर कोलन. सरमिसळ केली की साइट बनतच नाही. पान दिसत नसेल तर दोन गोष्टी तपासा. ‘ड्राफ्ट’च्या ओळीत ‘ट्रू’ आहे का, आणि तारीख पुढची पडली आहे का. या दोन्ही प्रकारची पानं ह्यूगो मुद्दाम वगळतो.

खालचा मजकूर मार्कडाउनमध्ये लिहायचा. ही पद्धत जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये आणली आणि ती शिकायला अर्धा तास पुरतो: शीर्षकाला हॅश, ठळक अक्षरांना दोन तारे, यादीला डॅश.

फाइल आणि फोल्डरांची नावं इंग्रजी लहान अक्षरांत, शब्दांमध्ये डॅश घालून द्या. देवनागरी नावं चालतात, पण तो पत्ता मेलमध्ये चिकटवला की टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते. शीर्षक खुशाल मराठीत असू द्या. आणि लहान अक्षरं म्हणजे खरोखर सगळी लहान. विंडोज आणि मॅक सहसा लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाहीत, सर्व्हरवरचं लिनक्स करतं. कॅमेऱ्यातून आलेल्या चित्राचं एक्स्टेंशन मोठ्या अक्षरांत आणि मजकुरात लहान अक्षरांत, एवढ्यावरून घरी दिसणारं चित्र तिकडे दिसत नाही.

चित्रं

साइट जड होते ती चित्रांमुळेच. साध्या १२ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो सुमारे ४००० पिक्सेल रुंद असतो आणि कित्येक एमबी भरतो. पानावर तो इतका रुंद कधीच दिसत नाही. १६०० पिक्सेल रुंदीवर आणा, वेबपी किंवा जेपीईजीमध्ये सेव्ह करा. पडद्यावर फरक कळत नाही आणि मोबाइल डेटावर पान उघडणाऱ्याचा वेळ वाचतो. बारकावे दाखवायचे असतील, जसं भरतकाम किंवा नकाशा, तर त्या भागाचं वेगळं जवळून घेतलेलं चित्र द्या.

फोनने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. घरी काढलेला फोटो तसाच चढवला तर घराचा पत्ता दिल्यासारखंच. एक्सपोर्ट करताना मेटाडेटा काढून टाकायचा पर्याय निवडा. आणि प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर लिहा, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही ते कळेल. ‘चित्र एक’ असं नको, चित्रात काय आहे ते लिहा.

देवनागरीसाठी थीम जरा दुरुस्त करावी लागते

थीम बनवणाऱ्यांनी रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवलेली असते. मराठी मजकूर टाकला की काही गोष्टी खटकतात. सगळ्यात वाईट म्हणजे शीर्षकांमधलं ‘लेटर स्पेसिंग’. रोमन अक्षरांत ते ऐटदार दिसतं, देवनागरीत शिरोरेखा तुटते. ते शून्य करा. ओळींमधलं अंतर १.६ ते १.८ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार एकमेकांना भिडतात. मजकूर दोन्ही कडांना ताणून बसवू नका, शब्दांमध्ये भगदाडं पडतात. तिरप्या अक्षरांऐवजी ठळक वापरा, कारण बहुतेक देवनागरी फॉन्टना खरी तिरपी अक्षरं नसतात आणि ब्राउझर सरळ अक्षरंच कलती करून दाखवतो.

फॉन्ट म्हणून ‘मुक्त’ नावाचा किंवा नोटो सान्स देवनागरी घेता येईल, दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत. दोनच जाडी घ्या. नेहमीची आणि ठळक. भाषेचा कोड ‘एमआर’ दिलेला असेल आणि फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे दिसतात. स्क्रीन रीडरलाही मराठी आवाज निवडायचा हे त्यावरूनच कळतं.

हे बदल थीमच्या फोल्डरमध्ये जाऊन करू नका. थीममधली जी फाइल बदलायची आहे ती त्याच मार्गाने तुमच्या स्वतःच्या ‘लेआउट्स’मध्ये किंवा ‘असेट्स’मध्ये कॉपी करा आणि तिथे बदला. ह्यूगो आधी तुमची फाइल बघतो, ती नसेल तरच थीमची. यामुळे थीम अपडेट केली तरी तुमचं काम पुसलं जात नाही.

वेगळी थीम हवीच असेल तर आता निवडा, आता तुमच्याकडे खरा मजकूर आहे. डेमोतले मोठाले सुंदर फोटो बघून भुलू नका. थीम शेवटची कधी अपडेट झाली आणि तिला ह्यूगोची किमान कुठली आवृत्ती लागते, हे आधी बघा.

संपर्क आणि खासगीपणा

स्टॅटिक साइटवर फॉर्मचा मजकूर झेलायला सर्व्हरवर काहीच नसतं. फॉर्म हवा असेल तर बाहेरची सेवा जोडावी लागते. मला वाटतं पोर्टफोलिओला साधा ईमेल पत्ता पुरतो. तो प्रत्येक पानाच्या तळाशी असू द्या. शक्यतो या कामासाठी वेगळा पत्ता उघडा, कारण उघड्या पत्त्यावर स्पॅम येतंच.

रेझ्युमेची पीडीएफ चढवण्याआधी त्यातून घरचा पत्ता, जन्मतारीख आणि फोन नंबर काढा. रिपॉझिटरी पब्लिक आहे आणि गिट जुन्या आवृत्त्या जपून ठेवतं. आज चढवलेली फाइल उद्या डिलीट केली तरी इतिहासात ती सापडते.

स्वतःचं डोमेन

हे ऐच्छिक आहे, पण करण्यासारखं आहे. होस्टिंग बदललं तरी पत्ता तोच राहतो. नाव घेतल्यावर डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणाऱ्या नोंदींमध्ये, ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’साठी सीनेम रेकॉर्ड तुमच्या गिटहब पत्त्याकडे वळवा आणि मूळ डोमेनसाठी गिटहबने दिलेले चार ए रेकॉर्ड घाला. मग पेजेसच्या सेटिंग्जमध्ये डोमेन लिहा, आणि खात्याच्या सेटिंग्जमध्ये ते पडताळून घ्या, म्हणजे दुसरं कुणी ते आपल्या साइटला जोडू शकणार नाही. बदल पसरायला एक दिवसही लागू शकतो, तोवर सेटिंग्ज पुन्हा पुन्हा बदलत बसू नका. सुरक्षित जोडणीचं (एचटीटीपीएसचं) प्रमाणपत्र आल्यावर ‘एन्फोर्स एचटीटीपीएस’वर खूण करा. डोमेनचं स्वयंचलित नूतनीकरण चालू ठेवा.

दाखवण्याआधी आणि नंतर

एखाद्या ओळखीच्या माणसाला त्याच्या फोनवर साइट उघडायला सांगा आणि गप्प बसा. ‘तुला काय दिसलं, मी काय काम करतो?’ एवढंच विचारा. त्याला सांगता आलं नाही तर पहिल्या पानावरची ओळ बदला. ‘सर्जनशील व्यक्तिमत्त्व’ असं काही लिहिलं असेल तर तिथे ‘मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते’ इतकं थेट वाक्य हवं. सगळ्या लिंका दाबून बघा, न सापडणाऱ्या पानासाठी ४०४चं पान आहे का बघा, आणि लिंक शेअर केल्यावर दिसायला १२०० गुणिले ६३० पिक्सेलचं एक चित्र जोडा.

पुढे नवं काम घालायचं म्हणजे नवा फोल्डर, मजकूर, चित्रं, घरच्या सर्व्हरवर एक नजर आणि पुश. अ‍ॅक्शन्समध्ये लाल फुली आली तर घाबरू नका. बांधणी फसली की जुनी साइट जशी होती तशीच चालू राहते, बघणाऱ्याला काही कळत नाही. लॉग उघडा, त्यातली पहिली एरर शोधा. बहुतेक वेळा तिच्यात फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक दिलेला असतो. ती ओळ दुरुस्त करून पुन्हा पुश करा.